चाळिशीतल्या जुन्या मित्रांची सायकल सहल: वाई – तापोळा – कास. सायकलची आणि घरची तयारी

कर्दळ

डिसेंबरमधल्या एका शुक्रवार-शनिवार-रविवारी कॉलेजचे चार मित्र मिळून माउंटन बाइकवर तीन दिवसांची सहल ठरते आहे. वयं ४३ ते ४७. मार्ग असा: वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर (मुक्काम), तापोळा (मुक्काम), तिथून लाँचने बामणोली, मग कास आणि सातारा. शनिवारी दुपारी चारही घरची मंडळी गाडीने तापोळ्याला येणार.

दोन सायकली २९ इंची, हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या. दोन जुन्या २६ इंची, ३×७ गिअर, व्ही-ब्रेक, तीन वर्षं बाल्कनीत उभ्या. एकाला मधुमेह आहे, गोळ्या चालू. एका घरात ७८ वर्षांच्या आई आहेत, दोन घरांत पाचवीच्या आतली मुलं. हातात नऊ आठवडे आहेत. मार्ग, सायकली, शरीर आणि मागे राहणारं घर, या सगळ्याबद्दल नेमकं सांगा.

घाटपाऊल

मार्ग छान आहे आणि दिशाही बरोबर आहे, ती उलटवू नका. महाबळेश्वर १,३७२ मीटरवर. तापोळा शिवसागर जलाशयाच्या काठी, आणि तलाव भरलेला असताना पाण्याची पातळी सुमारे ६५९ मीटर. म्हणजे साताऱ्याकडून निघालात तर तापोळा ते महाबळेश्वर ही सातशे मीटरची चढण एका दमात, तीही कासची मेहनत झाल्यावर. तुमच्या दिशेने हाच भाग उतार होतो आणि चढण दोन तुकड्यांत विभागली जाते: पहिल्या दिवशी पसरणी, तिसऱ्या दिवशी बामणोली ते कास.

शुक्रवारी वाईतून उजाडता उजाडता निघा. पसरणी घाट ११-१२ किलोमीटरचा, चढ सरासरी पाच टक्के, सलग पण कुठेही अंगावर येणारा नाही. ताशी सात-आठच्या वेगाने दीड तास धरा. फसगत होते ती पुढे. पाचगणीला पोचलं की चढण संपली असं वाटतं, पण महाबळेश्वरपर्यंतचे १९ किलोमीटर सारखे वर-खाली आहेत आणि दहानंतर पर्यटकांच्या गाड्या वाढतात. म्हणून पाचगणीत पोटभर खाऊन अर्धा तास थांबा आणि पुढे एकामागे एक चाला.

शनिवारी महाबळेश्वरहून नऊच्या आधी निघू नका. झाडीतल्या रस्त्यावर दव आणि धुकं असतं, दरीच्या बाजूला ऊन उशिरा पोचतं आणि वळणावरच्या ओल्या पानांवर टायर सरकतो. साधारण २७ किलोमीटरचा उतार आहे, थांबत थांबत गेलात तरी जेवायच्या वेळेला तापोळ्यात.

लाँचची चौकशी शनिवारी संध्याकाळीच बोट क्लबवर समक्ष करा. चार माणसं, चार सायकली, सकाळी आठला, असं स्पष्ट ठरवा आणि भाडंही तिथेच ठरवून घ्या. सायकल बोटीत डाव्या कुशीवर आडवी ठेवायची, म्हणजे गिअर वर राहतात आणि वाकत नाहीत. दोन सायकलींच्या मध्ये चादर घाला, दोरीने एकत्र बांधा. लाइफ जॅकेट चौघांनीही घालायचं. डिसेंबरात पाणी काठापर्यंत असतं, चढ-उतार सोपा. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे सरकतं, तेव्हा याच ठिकाणी सायकल खांद्यावर घेऊन चिखल तुडवावा लागतो.

बामणोलीहून कासपर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ आहे. कास ते सातारा सुमारे २५ किलोमीटर, शेवटी यवतेश्वरचा घाट उतरायचा. एक गोष्ट कळकळीने सांगतो: कासच्या सड्यावर (पठारावर) सायकल घालू नका, फोटोपुरतीसुद्धा नाही. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेल्या त्यांत कास आहे. जांभ्या कातळावर जेमतेम बोटभर मातीचा थर आहे. डिसेंबरात तो सुका, ओसाड दिसतो, पण पुढच्या पावसाळ्यातल्या फुलांचे कंद आणि बिया त्याच थरात असतात. टायरच्या एका चरातून पाणी वाहायला लागलं की माती निघून जाते आणि परत बसत नाही. बामणोलीच्या पलीकडचं कोयना अभयारण्यही वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही.

तेलचिंधी

आधी जुन्या २६ इंची सायकलींकडे बघू, कारण सहल तिथेच अडकते.

तीन वर्षं उभ्या असलेल्या सायकलचा टायर हवा भरून दिवसाउजेडी बघा. बाजूच्या भिंतीवर बारीक जाळीसारख्या चिरा दिसल्या तर टायर बदला, नक्षी नवी असली तरी. रबर उन्हाने वाळलेलं असतं आणि उतारावर तापल्यावर ते बाजूने फुटतं. ट्यूबही नव्या. रिमच्या आतली पट्टी वाळून सरकली असेल तर स्पोकची टोकं ट्यूबला आतून टोचतात. पंक्चर दर वेळी ट्यूबच्या रिमकडच्या बाजूला होत असेल तर दोष या पट्टीचा, रस्त्याचा नाही.

व्ही-ब्रेकच्या (रिमवर दोन्ही बाजूंनी रबरी गुटके दाबणारा ब्रेक) वायर आणि वरची नळी दोन्ही बदला. नुसती वायर बदलून भागत नाही, गंज नळीत असतो. रबराच्या गुटक्यावरच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर नवे गुटके घाला. बसवताना गुटका रिमच्या पट्टीवर पूर्ण टेकला पाहिजे. वर सरकला तर टायर कापतो, खाली सरकला तर स्पोककडे घसरतो. गुटक्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा एक मिलिमीटर आधी टेकेल असं ठेवा, किंचाळणं थांबतं. ब्रेक पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि हँडल यांच्यात दोन बोटं अंतर उरायला हवं.

आता गिअर. जुन्या ३×७ मध्ये बहुतेक वेळा पुढे सर्वांत लहान चक्र २४ दात्यांचं आणि मागे सर्वांत मोठं २८ चं असतं. २६ इंची चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पावणेदोन मीटर जाते. मिनिटाला ७० फेरे धरले तर ताशी ७.४ किलोमीटर. पसरणीला हे पुरतं. पण कासच्या चढणीत दमलेल्या पायांना मिनिटाला ५०-५५ च फेरे जमतात आणि मग गुडघ्यांवर भार येतो. त्यामुळे मागची फ्रीव्हील (मागच्या चक्रांचा संच) १४-३४ ची करून घ्या. तोच हिशोब ताशी सहावर येतो. मात्र मागच्या डिरेलरचा (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हात ३४ दात्यांपर्यंत पोचतो का, हे दुकानात चाक लावून तपासा आणि साखळीची लांबीही तेव्हाच बघा. २९ इंचीवाल्यांकडे पुढे ३२ आणि मागे ४२ किंवा ४६ असेल तर काही करायला नको.

साखळीची झीज घरच्या पट्टीनेही कळते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, बारा पूर्ण जोड्या मोजा. नव्या साखळीत हे अंतर ३०४.८ मिलिमीटर असतं. ११-१२ गिअरच्या सायकलला ३०६.३ च्या पुढे गेलं तर साखळी बदला. ७-८ गिअरला ३०७ पर्यंत चालतं. वेळेत बदलली तर नुसती साखळी जाते. उशीर केला तर मागची चक्रंही तिच्या मापाने झिजतात आणि नवी साखळी त्यांच्यावरून उड्या मारते, तीही नेमकी चढावर जोर दिल्यावर. म्हणून हे काम सहलीच्या आदल्या दिवशी नको, किमान तीन आठवडे आधी करा.

तेलचिंधी

हायड्रॉलिक डिस्कबद्दल वेगळं लिहितो, कारण महाबळेश्वर-तापोळा उतारावर सगळं यांच्यावरच आहे.

चाक काढा. कॅलिपरच्या (डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारा ब्रेकचा भाग) फटीत मोबाईलचा उजेड टाका, मागे पांढरा कागद धरा. दोन धातूच्या पट्ट्या दिसतील, त्यांच्या आतल्या अंगाला काळसर किंवा तपकिरी थर. तो थर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ झाला असेल तर पॅड संपले. एक मिलिमीटर उरला असेल तरी या सहलीसाठी नवेच घाला आणि जुने पिशवीत ठेवा. दोन्ही पॅड सारखे झिजलेले नसतील तर एक पिस्टन अडकलेला आहे, तो साफ करून घ्या. चाक बाहेर असताना लिव्हर चुकूनही दाबू नका. पिस्टन बाहेर येतात आणि मग डिस्क आत जात नाही. फटीत प्लास्टिकचा तुकडा किंवा चौपदरी पुठ्ठा सरकवून ठेवा.

नवे पॅड बसले की मोकळ्या रस्त्यावर ताशी २० च्या वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत सलग वीसेक वेळा ब्रेक लावा, चाक पूर्ण थांबू न देता. पॅडचा पातळ थर डिस्कवर बसतो तेव्हाच पूर्ण पकड येते. हे न करता घाटात गेलं की ब्रेक आहेत पण सायकल थांबत नाही, अशी तक्रार येते.

साखळीला फवाऱ्याचं तेल मारू नका. तुषार डिस्कवर बसतात आणि पॅड तेल पितात. एकदा प्यायले की घासूनही नीट होत नाहीत. थेंबाथेंबाने तेल द्या, दहा मिनिटं थांबा, मग चिंधीने पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं.

लिव्हर स्पंजासारखी लागत असेल तर हवा शिरली आहे. शिमानोत मिनरल ऑइल असतं, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट द्रव लागतो. एकात दुसरं घातलं तर आतले सील फुगून ब्रेक निकामी होतो. लिव्हरच्या डबीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नका. सायकल उलटी करून गाडीत ठेवली तरी हवेचा बुडबुडा कॅलिपरकडे जातो. तसं झालं तर सायकल सरळ उभी करा, ब्रेक ओढून रबरबँडने बांधा आणि रात्रभर ठेवा. पुष्कळदा सकाळपर्यंत लिव्हर घट्ट झालेली असते. नाही झाली तर हवा काढून घेतल्याशिवाय घाट उतरू नका.

कर्दळ

खूप आभार. हवा किती ठेवायची? आणि दोन वेगळ्या मापांची चाकं आहेत, तर सुटे भाग कसे वाटून घ्यायचे?

रानपाखरू

हवा: ७५ किलोच्या माणसाला, ट्यूब असेल तर २९×२.२ ला पुढे २८, मागे ३२ पीएसआय. २६×२.१ ला पुढे ३२, मागे ३६. डांबरी घाटात चढताना तीन-चार वाढवा, तापोळ्याच्या उताराआधी परत कमी करा. वजन दर पाच किलोने वाढलं की साधारण एकेक वाढवा, टायरवर छापलेल्या मर्यादेत. ट्यूबवर सापाच्या दातांसारखी दोन भोकं शेजारी-शेजारी दिसली तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेने ट्यूब रिमवर चिमटली. एकच बारीक भोक म्हणजे काटा.

ट्यूबलेस असेल तर सीलंट (टायरमधली भोकं आतून बुजवणारा द्रव) २९ इंचीला दर चाकामागे १०० मिलिलिटरच्या आसपास, आणि ते दोन-तीन महिन्यांत वाळतं. चाक कानाजवळ हलवा. आत खळखळ ऐकू आली नाही तर नवं घाला.

सुटे भाग: २६ च्या दोन ट्यूब, २९ च्या दोन. अडचणीत २६ ची ट्यूब ताणून २९ मध्ये मुक्कामापर्यंत चालते. उलट मात्र करू नका, जास्तीची ट्यूब आत दुमडते आणि घडीवर फुटते. २९ इंची सायकलींचे डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) एकेक जादा. हा भाग प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, वाईत किंवा महाबळेश्वरात मिळणार नाही, आणि सायकल उजव्या बाजूला पडली की पहिला तोच वाकतो. साखळीची जोडकडी ७-८ गिअरची एक आणि तुमच्या ११ किंवा १२ ची एक, त्या एकमेकींना चालत नाहीत. ब्रेकची एक वायर, गिअरची एक, साखळी तोडायचं हत्यार, ४-५-६ च्या ॲलन की, डिस्कसाठी टी-२५, पंप, प्लास्टिकचे टाय, टायर चिरला तर आतून लावायला टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा कापलेला तुकडा. पंपाचं तोंड दोन्ही व्हॉल्व्हना बसतं का बघा. जुन्या सायकलींना मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असतो, नव्यांना बारीक.

काटा शोधताना टायरच्या आतून बोट फिरवू नका. कापसाचा बोळा फिरवा, काटा असेल तिथे तंतू अडकतात. बाभळीचा काटा टायरच्या आत मोडून राहतो. तो न काढता नवी ट्यूब घातली तर पंधरा मिनिटांत तीही जाते. पॅच लावताना सोल्यूशन ओलं असताना चिकटवू नका. चमक जाऊन ते बोटाला लागेनासं होईपर्यंत, साधारण पाच मिनिटं, थांबा.

उंबरठा

सायकलींवर भरपूर आलं. आता घर. नऊ आठवड्यांची तयारी म्हणजे तीन दिवस बाहेर नाही, नऊ आठवड्यांच्या पहाटा आणि रविवार बाहेर. हा हिशोब घरात आधी मांडा. नाहीतर शेवटच्या आठवड्यात भांडण होतं आणि ते सहलीवरून आहे असं दिसतं, खरं तर ते आठ रविवारांवरून असतं.

व्यवहार्य आखणी अशी. मंगळवार-गुरुवार पहाटे साडेपाच ते पावणेसात. सातला डबे भरायच्या वेळी घरात हजर, आणि हजर म्हणजे आंघोळ करून पोळी-भाजी डब्यात भरायला उभे, घाम पुसत वर्तमानपत्राशी नाही. रविवारी लांबचा फेरा करून साडेदहाच्या आत परत. रविवारची दुपार झोपेत गेली तर फेरा लांबला होता, पुढच्या रविवारी कमी करा. आणि जोडीदाराला तेवढाच मोकळा वेळ त्याच कॅलेंडरवर तारखेसकट लिहून द्या. "तूही जा ना कधीतरी" याला काही अर्थ नसतो. तारीख लिहिली की त्याला अर्थ येतो.

आता शुक्रवार सकाळ ते शनिवार दुपार, म्हणजे मंडळी तापोळ्याला पोचेपर्यंत, घर कोणाच्या तरी एकट्याच्या अंगावर आहे. तुम्ही रोज न बोलता जी कामं करता ती आधी कागदावर उतरवा. एक आठवडा जे-जे कराल ते त्या-त्या वेळी लिहून ठेवा, आठवून लिहिलं तर निम्मं सुटतं. पाण्याची मोटर कधी लावायची, टाकी भरल्याचं कसं कळतं. गॅस सिलिंडर कधी लावला, बुकिंग कोणत्या मोबाईलवरून होतं (तो मोबाईल तुमच्या खिशात तापोळ्याला जाणार असेल तर आधीच बुक करा). शाळेच्या व्हॅनवाल्या काकांचा नंबर. इन्व्हर्टर, मुख्य स्विच. दूधवाल्याचा हिशोब. इस्त्रीचे कपडे. हा कागद फ्रिजवर लावा आणि गुरुवारी रात्री जोडीदाराबरोबर एकदा मोटर प्रत्यक्ष लावून बघा. कुठला खटका खाली आणि कुठला वर हे फोनवर सांगता येत नाही.

७८ वर्षांच्या आईंसाठी: गोळ्यांचा आठवड्याचा खणांचा डबा बुधवारीच भरा आणि दोन दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या ठेवा. औषधांची यादी नाव, मिलिग्रॅम आणि वेळेसकट मोठ्या अक्षरात लिहून एक प्रत फ्रिजवर, एक शेजाऱ्यांकडे. त्या तापोळ्याला येणार की नाही हे त्यांना विचारून ठरवा, त्यांच्या वतीने नको. येणार नसतील तर रात्री सोबतीला कोण झोपणार ते नावानिशी ठरवा. "शेजारी आहेतच" ही सोय नव्हे. न्हाणीघरातली ओली फरशी आणि रात्री उठल्यावरचा अंधार, ही दोन पडण्याची ठिकाणं. रबरी पायपुसणं आणि रात्रीचा छोटा दिवा सहलीच्या आधीच लागला पाहिजे.

मधली_सुट्टी

उंबरठा यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. तापोळ्याला मुलं येतात त्याबद्दल थोडी भर.

महाबळेश्वर-तापोळा रस्ता गाडीत बसलेल्या मुलांना सायकलवाल्यांपेक्षा जास्त त्रास देतो, इतकी वळणं आहेत. निघायच्या दीड-दोन तास आधी हलकं खाणं (पोळी-गूळ, केळं), दूध नको. उलटीची गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, वयाच्या मात्रेने, अर्धा-एक तास आधी. नजर खिडकीबाहेर लांब, मोबाईल बंद. खाकी पिशव्या हाताशी.

मुलांच्या छोट्या सायकली गाडीत टाकता आल्या तर जरूर टाका. संध्याकाळी मुक्कामाच्या आवारात किंवा कच्च्या वाटेवर अर्धा तास बापाबरोबर चालवायला मिळाली की त्यांच्यासाठी ही बाबांची सहल राहत नाही. हेल्मेट घट्ट बसतं का बघा: भुवईच्या वर दोन बोटं, हनुवटीच्या पट्ट्यात एक बोट जाईल एवढीच जागा. पाण्याजवळ मात्र एक मोठा माणूस फक्त मुलांकडे बघायला नेमा, अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावून. आठ मोठी माणसं गप्पांत असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. जलाशयाचा काठ एकदम खोल होतो आणि बुडाला गाळ आहे.

दरीत मोबाईलला रेंज कमी मिळते. ऑनलाइन पैसे अडकतात, रोख न्या. मुक्कामाचं जेवण (पिठलं, भाकरी, ठेचा, वरण-भात) आधी सांगून ठेवावं लागतं. मुलांसाठी कमी तिखट हेही आधीच सांगा.

नाडी_७२

वैद्यकीय बाजू. चाळिशीनंतर बऱ्याच वर्षांनी घाट चढणाऱ्या चौघांनीही निघण्याआधी निदान रक्तदाब, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, ईसीजी करून घ्यावा. घरात कोणाला लवकर हृदयविकार झाला असेल, रक्तदाब असेल किंवा धूम्रपान असेल तर श्रम-चाचणी हवी की नको हे डॉक्टर ठरवतील. सहलीला सहा आठवडे असताना करा, तीन दिवस असताना नको. चढताना छातीत दडपण, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारं दुखणं, एकदम थंड घाम, यांतलं काहीही झालं तर थांबायचं, "थोडं पुढे जाऊन बघू" नाही. १०८ लावा, रेंज नसेल तर येणारी गाडी थांबवा.

मधुमेही मित्राच्या गोळ्या कोणत्या हे महत्त्वाचं. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोकादायक उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर लांबच्या श्रमात उतरते, कधी-कधी त्या रात्री झोपेतसुद्धा. मात्रा बदलायची की नाही हे त्यांच्या डॉक्टरांकडूनच. ग्लुकोमीटर बरोबर, चढण सुरू करण्याआधी, मध्ये आणि झोपण्याआधी तपासणी. लक्षणं (हात थरथरणं, घाम, चिडचिड, असंबद्ध बोलणं) चौघांनाही माहीत हवीत, कारण ज्याची साखर उतरते त्याला ते स्वतःला कळत नाही. उपाय: तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. साखर वर आल्यावर पोळी किंवा बिस्किटं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवून मदत बोलवायची. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याने घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, गोळी ती दाबून ठेवते. त्यापेक्षा पूर्ण वाक्य एका श्वासात बोलता येतं का बघा. येत नसेल तर वेग जास्त आहे.

खाणं: चढणीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एक मोठं केळं म्हणजे पंचवीसेक ग्रॅम, दोन-तीन खजूर वीस ते चाळीस, आकारानुसार. चिक्की, राजगिऱ्याचा लाडू चालेल. भूक लागण्याची वाट न बघता पाऊण तासाने पहिला घास. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या पाण्यातच, बहुधा एका लिटरला एक. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट घातलं तर मीठ जास्त होऊन उलट मळमळतं.

घाटपाऊल

सरावाचं राहिलं होतं. पुण्यात असाल तर पहिले दोन आठवडे सपाट २० किलोमीटर. तिसऱ्या-चौथ्यात बोपदेव किंवा कात्रजचा जुना घाट, एकदाच. पाचव्या-सहाव्यात तोच दोनदा. सातव्यात सिंहगड, पायथ्यापासून वरपर्यंत. हा पसरणीपेक्षा बराच तीव्र आहे. तो बसत-उठत का होईना चढलात तर पसरणीची चिंता नको. आठव्यात निम्मं अंतर, नवव्यात दोनदा हलका अर्धा तास. एक रविवार तरी सहलीचंच सामान पाठीवर किंवा कॅरिअरवर घेऊन चालवा, आणि सहलीतलीच चड्डी घालून. जेल पॅडच्या सायकलिंग चड्डीखाली आतली चड्डी घालायची नसते. शिवण घासून मांडी सोलवटते आणि दुसऱ्या दिवशी बसवत नाही.

सीट: टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेलं की गुडघा सरळ झाला पाहिजे. चालवताना चवडा पायडलवर येतो आणि हवा तेवढा वाक मिळतो. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. एका वेळी पाच मिलिमीटरच हलवा आणि आधीची खूण चिकटपट्टीने करून ठेवा.

उतारावर: वळणाच्या आधी वेग उतरवा, वळणात ब्रेक सोडा. दोन्ही पायडल समांतर, बूड सीटवरून थोडं उचललेलं, नजर वळणाच्या शेवटाकडे. सारखा हलका ब्रेक धरून ठेवू नका. पॅड तापून गुळगुळीत काच होतात आणि पकड जाते. जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. व्ही-ब्रेकवाल्यांनी दर चार-पाच किलोमीटरला थांबून रिम गार होऊ द्यावी. हात लावून बघू नका, डिस्क असो की रिम, कातडी निघते.

दुसरा_गिअर

जुन्या मित्रांचा गट चालवणं हे वेगळंच काम आहे, म्हणून लिहितो. वीस वर्षांपूर्वी जो सगळ्यात पुढे असायचा तो आजही तसाच असेल हे सगळे गृहीत धरतात, तो स्वतःही. पसरणीच्या पहिल्या तीन किलोमीटरमध्ये त्याच्या मागे जाऊन बाकीचे संपतात. म्हणून पुढे सगळ्यात सावकाश चालवणारा. हत्यारं, पंप आणि प्रथमोपचार सगळ्यात मागे असणाऱ्याकडे, कारण जे बिघडतं ते मागे राहतं. जो पुढे जाईल तो ठरलेल्या ठिकाणी थांबेल आणि मागचा आल्यावर लगेच निघणार नाही. मागच्यालाही पाच मिनिटं बसायला मिळाली पाहिजेत, एरवी विश्रांती फक्त पुढच्यांची होते.

रात्रीबद्दलही ठरवून घ्या. गप्पा दोनपर्यंत रंगतात हे खरं, आणि तेवढ्यासाठीच भेटायचं असतं हेही खरं. पण शुक्रवारच्या रात्री दारू झाली तर शनिवारच्या उतारावर हात उशिरा ब्रेकवर जातो आणि मधुमेही मित्राची साखर रात्री आणखी उतरू शकते. गप्पांची रात्र शनिवारची ठेवा, तापोळ्यात, घरच्यांबरोबर, दहा-साडेदहापर्यंत. रविवारी आठला लाँच आहे.

कर्दळ

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखुणेत साठवलं. शेवटचा प्रश्न: सायकली पुण्याहून वाईला आणि रविवारी साताऱ्याहून परत कशा न्यायच्या? घरच्या गाड्यांत माणसं भरलेली असतील.

रानपाखरू

एक छोटा पिकअप टेम्पो दोन्ही फेऱ्यांसाठी ठरवा, चौघांत वाटून परवडतो. सायकली झोपवून नको, उभ्या, एक पुढे तोंड करून आणि पुढची उलटी, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. प्रत्येक दोन सायकलींच्या मध्ये जुनी गोधडी किंवा गोणपाट. फ्रेमला दोरी बांधायची, ब्रेकच्या नळीला किंवा डिस्कला कधीच नाही. आतल्या बाजूची पायडलं काढून ठेवा: उजवं नेहमीसारखं डावीकडे फिरवून सुटतं, डावं उलट, उजवीकडे फिरवून. मागचा गिअर सगळ्यात मोठ्या चक्रावर ठेवा, म्हणजे डिरेलर आत राहतो.

वाईत उतरल्यावर निघण्याआधी दहा मिनिटं: चाकांच्या कळा घट्ट, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली तर हँडलच्या सांध्यात खडखड नको, सगळे गिअर एकदा वर-खाली. रविवारी टेम्पो साताऱ्यात दुपारी तीनला बोलवा, बाराला नाही. लाँच अर्धा-पाऊण तास उशिरा निघू शकते आणि कासची चढण घड्याळाकडे बघत चढायची नसते.